माप घेऊन दिलेले वस्त्र

अभ्यासपाठ
शास्त्रवाचन: १ शमुवेल २:१८-२१, १ शमुवेल १७:३८-४०, निर्गम २८:३१-३२, प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२



दोन वर्षांपूर्वी, नाताळानंतरच्या अंकात आपल्या कन्या वसतिगृहाचा एक फोटो छापून आला होता. नवे फ्रॉक घातलेल्या अडतीस मुली तीन ओळींत उभ्या आहेत आणि खाली लिहिले आहे, 'नाताळच्या नव्या कपड्यांत आनंदित मुली'. तो फोटो मीच काढला होता आणि खालची ओळही मीच लिहून पाठवली होती. पुष्कळ मंडळ्यांतून पत्रे आली, फोन आले. आजचा पाठ त्या फोटोपासून सुरू करते, कारण त्यात एक गोष्ट होती जी मला दिसली नव्हती.

आपले वसतिगृह भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेला, तुमसरच्या पुढे मॅंगनीज खाणींच्या रस्त्याला, सातपुड्याचे डोंगर सुरू होतात त्या भागात आहे. मुली बहुतेक गोंड कुटुंबांतल्या. घरी थोडी धानाची शेती, उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपत्ता, आणि उरलेले दिवस मजुरी. नाताळात प्रत्येक मुलीला एक नवा कपडा द्यायचा ही आपली जुनी रीत. मुलींची यादी करायची, वयाप्रमाणे नंबर लिहायचे आणि तयार फ्रॉक ठोक भावाने आणायचे, असे मी सात वर्षे करत होते. काम एका दिवसात होई. हिशेबही चोख राही.

गावात शिवणकाम करणारी एक विधवा बाई आहे. मुली तिला मावशी म्हणतात. ती स्वतः गोंड आहे. भेटली की 'जय सेवा' म्हणते. घराच्या पडवीत तिची पायमशीन आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत ती उशांचे अभ्रे शिवायला वसतिगृहात आली होती. टेबलावर आपला अंक पडला होता. तिने तो उचलला, फोटो डोळ्यांजवळ धरला आणि त्यावर बोट ठेवून म्हणाली, "बाई, ही पोट्टी गळा धरून कायले उभी आहे जी?"

मी पाहिले. दुसऱ्या ओळीत आठवीतली एक मुलगी होती. तिच्या उजव्या हाताची मूठ गळ्याशी होती. मावशीचे बोट पुढे सरकले. "हिचा खांदा उतरते, म्हणून ही वाकडी उभी आहे. हिची काखेतली शिलाई उसवली, म्हणून हात अंगाला लावून आहे. अन् ह्या तिघींना आताच तंग झाला. पुढच्या साली अंगात जाणार नाही."

त्या संध्याकाळी मी त्या मुलीला जवळ बसवून विचारले. फ्रॉकचा गळा इतका मोठा होता की जरा वाकले की पुढून उघडा पडे. नाताळच्या नाटकात तिला काम होते, पण ऐन दिवशी पोट दुखते म्हणून ती बसून राहिली होती. मी तिला ओवा आणि गरम पाणी दिले होते. सेफ्टी पिन मागायची तिला लाज वाटली, कारण कपडा दानाचा होता आणि कोणी दिलेल्या वस्तूला नाव ठेवू नये असे तिच्या आईने शिकवले होते.

मी तिची क्षमा मागितली. मग रात्री शास्त्र उघडले आणि वस्त्रांविषयीचे भाग शोधत बसले. त्यातून जे शिकले ते आपल्यापुढे ठेवते.

१. हन्नाचा लहानसा झगा

हन्नाने शमुवेलाला देवाच्या सेवेसाठी शिलो येथे एली याजकाकडे ठेवले होते. दरवर्षी ती नवऱ्याबरोबर वार्षिक यज्ञासाठी तिथे जाई, आणि जाताना मुलासाठी एक लहान झगा शिवून नेई. हा भाग आपण बहुतेक वेळा आईच्या त्यागासाठी वाचतो. पण शिवणकाम करणाऱ्याच्या नजरेने वाचून पाहा. मूल वर्षभर डोळ्यांसमोर नाही. मागच्या वर्षी ते केवढे होते हे तिला आठवते, आणि वर्षभरात ते किती वाढले असेल याचा तिला विचार करावा लागतो. झगा दरवर्षी नवा, कारण मूल दरवर्षी नवे.

आमच्या यादीत मुलीच्या नावापुढे वय होते, मूल नव्हते. एकाच वयाच्या दोन मुली शेजारी उभ्या करा. एकीचा खांदा रुंद असतो, दुसरीची उंची जास्त. तेरा ते पंधरा या वयात तर सहा महिन्यांत अंग बदलते. नंबर म्हणजे अनेक मुलांचे सरासरी माप असते, आणि सरासरी ज्या मुलीला तंतोतंत बसेल अशी मुलगी वर्गात एखादीच असते.

मावशी फ्रॉकच्या खाली तीन इंच दुमड ठेवते आणि बाजूच्या शिलाईत एकेक इंच कापड आत सोडते. पहिल्या वर्षी ते दिसत नाही. दुसऱ्या वर्षी शिलाई उसवून कपडा वाढवता येतो. तयार फ्रॉकमध्ये कापड वाचवण्यासाठी ही सोय बहुधा ठेवलेली नसते. आईला ठाऊक असते की लेकरू वाढणार आहे, म्हणून ती वाढीव कापड आत ठेवते. आपल्या दानातही पुढच्या वर्षाचा असा विचार असावा.

२. शौलाचे चिलखत

दावीद गल्याथाशी लढायला निघाला तेव्हा शौल राजाने त्याला आपला पोशाख चढवला. डोक्यावर पितळी टोप, अंगात चिलखत, कमरेला तलवार. देणाऱ्याचा हेतू चांगला होता आणि वस्तूही भारी होती. राजाच्या अंगावरचे याहून मोलाचे दुसरे काय असणार? पण दावीदाने चालून पाहिले आणि त्याला ते जमेना. त्याने सगळे उतरवून ठेवले, आणि आपली काठी, गोफण व पाच गुळगुळीत गोटे घेऊन तो गेला.

या भागात मला दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की चुकीच्या मापाचे चांगले दानसुद्धा ओझे होते. दुसरी ही की दावीदाला 'हे मला बसत नाही' असे राजाला सांगता आले. आपल्या मुलींना ते सांगता येत नाही. घेणारा गप्प बसला म्हणजे दान मापात बसले असा अर्थ होत नाही. विचारणे हे देणाऱ्याचे काम आहे, आणि उत्तर ऐकायची तयारी ठेवणे हेही त्याचेच.

३. झग्याचा गळा

निर्गमच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात अहरोनाच्या याजकीय वस्त्रांचे वर्णन आहे. एफोदाबरोबरच्या झग्याविषयी देव मोशेला सांगतो की त्याला मध्ये डोके घालण्यासाठी भोक असावे आणि ते फाटू नये म्हणून त्याच्या काठाला विणलेला गोट असावा. हे वचन मी आधी अनेकदा वाचले होते, पण कधी थांबले नव्हते. त्या रात्री थांबले. सृष्टीचा निर्माणकर्ता गळ्याच्या काठाची काळजी घेतो.

कोणत्याही शिंप्याला विचारा. कपडा सगळ्यात आधी फाटतो तो गळ्याशी आणि काखेत. गळा गोल कापला की कापड तिथे ताणते, म्हणून आतून पट्टी लावावी लागते. चांगली शिवणारी बाई ही पट्टी तिरक्या कापडाची काढते, म्हणजे ती गळ्याच्या वळणाबरोबर वळते आणि चुणी पडत नाही. त्याला वेळ लागतो, कापडही थोडे जास्त लागते. घाईत ठोकाने शिवलेल्या कपड्यात इथेच काटकसर होते.

४. दुर्कसचे अंगरखे

यापो येथील टबीथा, म्हणजे दुर्कस, सत्कृत्ये आणि दानधर्म करण्यात तत्पर होती. ती मरण पावली तेव्हा शिष्यांनी लोद येथून पेत्राला बोलावले. तो माडीवर गेला तेव्हा सगळ्या विधवा रडत त्याच्याजवळ उभ्या राहिल्या, आणि दुर्कसने त्यांच्यात असताना केलेले अंगरखे व वस्त्रे त्यांनी त्याला दाखवली.

तिने किती कपडे वाटले, हा आकडा शास्त्रात नाही. पेत्रापुढे आले ते कपडे आणि ते ज्यांच्यासाठी केले त्या बाया. शास्त्र आणखी सांगते की ती त्यांच्यामध्ये असताना हे करत होती. दूर बसून पाठवलेले हे काम नव्हते. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या मंडळ्यांत तिच्या नावाने महिला मंडळे निघाली, आणि बहिणी एकत्र बसून गरिबांसाठी कपडे शिवू लागल्या. आपल्या महिला मंडळातही हे काम नवे नाही. फक्त शिवण्याआधी त्यांच्यामध्ये असणे आपण विसरू नये.

आम्ही काय केले

पुढच्या वर्षी आम्ही तयार फ्रॉक आणले नाहीत. तुमसरच्या बाजारातून सुती कापडाचे तीन रंगांचे तागे आणले, ते एक रात्र पाण्यात भिजवून वाळवले, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. आधी शिवले आणि मग आटले तर माप घेऊन काय उपयोग? मग मावशीला बोलावले.

माप घ्यायला पूर्ण दोन दिवस लागले. एका खोलीला पडदा लावला. मावशी, मी आणि एक मुलगी, एवढेच आत. आपल्या वाचकांपैकी कोणी असे काम हाती घेणार असतील तर ही रीत जरूर ठेवा. मुलींचे माप बाईनेच घ्यावे, आडोशाला घ्यावे, आणि आकडा मोठ्याने ओरडून सांगू नये. मावशी खांदा, छाती, कंबर, मुंढा, बाहीची लांबी आणि पूर्ण उंची अशी मापे घेते. छातीच्या मापात टेपखाली दोन बोटे सैल ठेवते. मग मुलीला हात वर करायला लावते, खाली बसायला लावते, वाकायला लावते. म्हणते, "पोरगी काय फोटोपुरती उभी राहते? झाडते, पानी आनते, खेळते."

शेवटी ती प्रत्येकीला विचारी, "तुला कसा पाहिजे?" पहिल्या दिवशी मुली नुसत्या हसत होत्या. कपडा कसा हवा हे कोणी त्यांना विचारले नव्हते. मग एकीने हळूच खिसा मागितला. त्यानंतर अडतीसपैकी तीसहून अधिक मुलींनी खिसा मागितला. रुमाल ठेवायला, पेन ठेवायला, घरी जाताना बसचे पैसे ठेवायला. सात वर्षांत माझ्या डोक्यात खिसा आला नव्हता. फोटोतल्या त्या मुलीने लहान गळा मागितला, मागे दोन बटणे, आणि खिसा.

मजुरीचा धडा

इथे मला माझी आणखी एक चूक सांगायची आहे. शिलाईचा दर ठरवताना मी मावशीला म्हणाले की हे देवाचे काम आहे, तर थोडे कमी करा. ती रागावली नाही. म्हणाली, "सेवा करीन जी, पण धागा उधार भेटत नाही. अन् महिनाभर दुसऱ्याचं काम घेता येणार नाही मला." मी खाली पाहिले. अनुवाद २४:१४-१५ मध्ये गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावी अशी आज्ञा आहे, कारण त्याचे मन तिच्यावर लागलेले असते. एका गरिबाला कपडा देण्यासाठी दुसऱ्या गरिबाची मजुरी कापली तर त्याला दान म्हणता येईल का?

आम्ही तिचा नेहमीचा दर दिला, अर्धा आगाऊ. मशीन तिची, हात तिचे, घर तिचे. १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना गांधीजींनी शिलाईच्या मशीनचा अपवाद केला होता, तो का हे मला तिच्या पडवीत बसल्यावर कळले. हे यंत्र घरातल्या बाईच्या पायाच्या तालावर चालते, आणि त्यावर एक घर उभे राहते.

कापड आणि शिलाई मिळून खर्च तयार फ्रॉकपेक्षा जास्त आला, हे लपवत नाही. तो भरून काढायला त्या वर्षी आम्ही मिठाईची पाकिटे आणि सजावट कमी केली. दुसरी अडचण वेळेची. दिवाळी, मग धानकापणी, मग लग्नाची शिलाई, अशात नाताळापर्यंत बत्तीस फ्रॉक झाले आणि सहा मुलींना जानेवारीत मिळाले. त्या सहा जणी नाताळच्या दिवशी जुन्या कपड्यांत होत्या आणि मला त्याचे वाईट वाटले. आता आम्ही मापे ऑगस्टमध्ये, रोवणी आटोपल्यावर घेतो, आणि नोव्हेंबरात पुन्हा एकदा टेप लावून पाहतो.

अशी अडचण आमच्याच लहान कामात आली असे नाही. आपल्या राज्यात पहिली ते आठवीच्या मुलांना शासन मोफत गणवेश देते. २०२४-२५ या वर्षी त्यासाठी कापड राज्य पातळीवर एकत्र घेऊन बचत गटांच्या महिलांकडून शिलाई करून घ्यायचे ठरले. गरीब बायांना काम मिळावे हा विचार चांगला होता. पण अनेक शाळांत गणवेश उशिरा पोहोचले आणि ते मापाचे नसल्याच्या तक्रारी आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवायचे ठरवले. कारण उघड आहे. माप घेणारा आणि कापड कापणारा मुलाच्या जितका जवळ, तितका कपडा अंगाला बसतो.

आपला जिल्हा तर कापडाला परका नाही. आपल्या जंगलात ऐनाच्या झाडांवर कोसाचे किडे वाढवले जातात, आणि मोहाडी-आंधळगावच्या मागांवर कोसाचे कापड आणि करवती काठाच्या साड्या विणल्या जातात. झाडाची राखण करणाऱ्यापासून शिवणारीपर्यंत एका वस्त्राला किती हात लागतात हे आपल्याला शेजारीच पाहायला मिळते. ते हात आपल्या दानात धरले जावेत.

आज

फोटोतली ती मुलगी आता दहावीत आहे. मागच्या जूनमध्ये ती घरून परत आली तेव्हा त्याच फ्रॉकची दुमड उसवून मावशीने दोन इंच वाढवली. खाली जुन्या दुमडीची गडद रेघ दिसते. मी म्हटले, वर एक पट्टी लावू या, म्हणजे रेघ झाकेल. ती म्हणाली, "राहू द्या बाई, मी किती वाढली ते दिसते." यंदाच्या नाताळात तिने नाटकात काम केले. दोन्ही हात मोकळे होते.

या वेळी फोटो पाठवण्याआधी मी तो मावशीला दाखवला. तिने बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "एकीची बाही लांब झाली. बाकी ठीक आहे." ती बाही दुसऱ्या दिवशी आखूड केली.

आपण काय करू शकतो

जुने कपडे पाठवणाऱ्या बंधुभगिनींना विनंती, की पाठवण्याआधी तो कपडा आपल्या स्वतःच्या लेकराला घालाल का, एवढे पाहा. शक्य असेल तर कपड्याऐवजी एका मुलीच्या कापडाचा आणि शिलाईचा खर्च द्या. म्हणजे एका दानातून मुलीला मापाचा कपडा मिळेल आणि गावातल्या शिवणाऱ्या बाईच्या घरी चूल पेटेल. ज्या मंडळ्यांत शिवणकाम येणाऱ्या बहिणी आहेत त्यांनी एक दिवस येऊन मापे घ्यायला मदत करावी. टेप आणि वही आमच्याकडे आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. हन्ना दरवर्षी नवा झगा का शिवत असे? आपल्या मंडळीच्या कोणत्या मदतीत वर्षानुवर्षे माप बदललेले नाही?
२. दावीदाने चिलखत उतरवले तसे आपण दिलेले दान कोणी परत केले, तर आपल्याला कसे वाटेल?
३. ज्यांना आपण मदत करतो त्यांना 'तुला कसे पाहिजे?' असे शेवटचे कधी विचारले?
४. मंडळीच्या कामासाठी आपण कोणाची मजुरी सेवेच्या नावाखाली कमी केली आहे का? ती भरून कशी देता येईल?

प्रार्थना

हे प्रभो, तू आम्हा प्रत्येकाला नावाने ओळखतोस. आम्ही देताना घाई केली आणि समोरचे लेकरू पाहिले नाही, याची क्षमा कर. दुर्कससारखे लोकांमध्ये राहून काम करायला आम्हाला शिकव. शिवणाऱ्या हातांना काम आणि पुरी मजुरी दे, आणि आमच्या मुली ताठ उभ्या राहाव्यात असे कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.